‘जपून चाला’ म्हणून भागत नाही!

हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला इंजेक्शन, ऑपरेशन आणि बिल यांची भीती वाटते. पण बरा व्हायला आलेला पेशंट तिथेच पडून हाड मोडून घेतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि असं झालं की सगळ्यांचं वाक्य ठरलेलं, “अहो, एकटे उठलातच कशाला?” म्हणजे चूक पेशंटची!

मला हे मुळीच पटत नाही. वर्कशॉपमध्ये मशीनच्या बेल्टला आपण गार्ड लावतो, नुसती ‘सावधान’ची पाटी लावून थांबत नाही. मग वॉर्डातच पाटीवर का भागवायचं?

पडण्यामागे कारणं असतात. झोपेच्या किंवा बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते. लघवी जास्त होण्याच्या औषधाने रात्री सारखं उठावं लागतं. त्यात फरशी ओली, दिवा बंद, पलंग उंच आणि एका हातात सलाइनचा स्टँड! जेम्स रीझन यांचं ‘स्विस चीज मॉडेल’ हेच सांगतं : प्रत्येक बचावाला कुठेतरी भोक असतं, सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात होतो.

पलंगाला कठडे लावले की झालं, असं वाटतं. पण गोंधळलेला पेशंट कठडा ओलांडायला गेला, तर उलट जास्त उंचीवरून पडतो. त्यापेक्षा पलंग खाली घ्या, चाकांचे ब्रेक लावा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, रात्री मंद दिवा ठेवा. आपल्याला लगेच सेन्सर आणि अलार्म सुचतात. पण अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तर अलार्म ऐकून धावणार कोण? तिने ठरलेल्या वेळी येऊन “बाथरूमला जायचंय का?” विचारावं, एवढी माणसं तरी नेमायला हवीत.

हे होस्टेलच्या अंकात कशाला? कारण डेंग्यू झालेल्या रूममेटजवळ रात्री आपणच थांबतो. डेंग्यूत उभं राहताना बीपी उतरू शकतं, आणि प्लेटलेट्स कमी असताना डोक्याला लागलं तर रक्तस्रावाचा धोका मोठा. म्हणून आधी बसवा, पाय खाली सोडून थोडं थांबा, मग हात धरून उठवा. बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका.

17 सप्टेंबर हा 2019 पासून ‘जागतिक रुग्ण सुरक्षा दिन’ म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणं होतीलच, पण मित्रांनो, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन पलंगांचे ब्रेक लागतात का, एवढं तरी आपण बघू शकतो. शेवटी इंजिनिअर आहोत ना आपण!