चूक माणसाची की पेटीची?

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. संध्याकाळी कोर्टातून परत आलो तेव्हा कार्यालयात एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. जयभीम झाला. मुलगी बारावी उत्तीर्ण, पुढच्या प्रवेशासाठी एका शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरत होती. धर्माच्या रकान्यात तिने 'बौद्ध' निवडले आणि त्याबरोबर जातीची यादी रिकामी झाली. एकच पर्याय उरला : 'लागू नाही'. सायबर कॅफेवाल्या पोराने तोडगा सुचवला, "हिंदू टाक, म्हणजे यादी उघडते. सगळे तसंच करतात." मुलीने नकार दिला. आई मात्र मला खालच्या आवाजात म्हणाली, "वकीलसाहेब, आमचंच काहीतरी चुकत असेल. आम्हाला काय कळतं त्यातलं?"

१९५०च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतींचा कायदेशीर हक्क मिळाला. त्यासाठी आपल्या माणसांनी किती वर्षे मोर्चे काढले, किती दिल्लीवाऱ्या केल्या, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. संसदेने दिलेला तो हक्क एका खाली सरकणाऱ्या यादीने काढून घेतला, आणि ज्या बाईचा हक्क गेला तीच बाई म्हणते की चूक माझी! मला त्या संकेतस्थळापेक्षा या वाक्याचा जास्त राग आला. शतकानुशतके आपल्याला हेच तर शिकवले गेले की व्यवस्था बरोबर आहे, चुकतो तो तू.

अमेरिकेत डोनाल्ड नॉर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. १९८८ साली त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात दरवाजे आहेत, नळ आहेत, विजेची बटणे आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दरवाजा ढकलायचा की ओढायचा हे माणसाला कळत नसेल, तर दोष माणसाचा नसून दरवाजाचा आहे. आमच्या न्यायालयाच्या एका इमारतीत असा दरवाजा आहे. दोन्ही बाजूंना सारखीच पकडायची मूठ, आणि वर कागद चिकटवलेला, 'ढकला'. पक्षकार बिचारा ओढतो, शिपाई ओरडतो, "वाचता येत नाही का?" ज्याला वाचता येत नाही त्याने न्याय मागायला येऊ नये, असा कायदा माझ्या माहितीत तरी नाही. मूठ काढून तिथे सपाट पत्रा ठोकला तर कागदही नको आणि ओरडणेही नको. पण पत्रा ठोकण्यापेक्षा ओरडणे स्वस्त पडते.

ही चर्चा केवळ इंजिनिअर मंडळींची आहे, असे समजून आपण ती सोडून देतो. वास्तविक या देशातली सर्वात मोठी लोकशाही घटनाच एका वस्तूच्या रचनेवर उभी राहिली. १९५१च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता होती अवघी १८ टक्के. आणि संविधानाच्या कलम ३२६ने मत दिले सर्व प्रौढांना. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी मताधिकार व्यापक करण्याची मागणी केली होती, तेव्हापासून प्रस्थापितांचा आक्षेप एकच होता : अडाणी माणूस मत कसे देणार? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी या प्रश्नाला भाषणाने उत्तर दिले नाही, पेटीने दिले. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी. पेटीवर त्याचे चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, आपल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदाराने पडद्याआड जायचे आणि मतपत्रिका आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. ना शिक्का, ना सही, ना वाचन. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांच्या यादीसाठी लाखो पेट्या तयार झाल्या, त्यातल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात. ज्याने आयुष्यात अक्षर पाहिले नव्हते त्यानेही सरकार निवडले. अक्षर येणाऱ्यासाठी वस्तू बनवायची आणि बाकीच्यांना ती शिकवत बसायचे, हा मार्ग सेन यांनी घेतला नाही.

सेन प्रत्येक ठिकाणी मवाळ होते असेही नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको, तमक्याची आई' अशी नोंद केली होती, त्या नोंदी यादीतून गेल्या. निर्णय कठोर होता. पण मला तो पटतो. स्त्रीला नाव असते, हे यादीने मान्य केलेच पाहिजे. सोपे करणे म्हणजे समाजातल्या प्रत्येक वाईट रिवाजापुढे मान तुकवणे नव्हे.

मात्र याच पेटीची एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याला जिव्हारी लागणारी आहे. त्या वेळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायच्या असत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. साधेपणा इथे संपला. एका चिन्हाची एक पेटी एवढे शिकलेल्या माणसाला आता सांगायचे की तुझ्या हातात दोन कागद आहेत, दोन्ही तुझ्याच आवडत्या पेटीत टाकलेस तर एक मत फुकट जाईल. पेटी त्याला अडवत नव्हती. कागद आत गेला की गेला.

जानेवारी १९५२मध्ये उत्तर मुंबईच्या अशाच द्विसदस्यीय मतदारसंघात बाबासाहेब उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. संविधानाच्या शिल्पकाराचा पराभव झाला. त्या मतदारसंघात ७४ हजार ३३३ मतपत्रिका बाद कशा ठरल्या, त्या मोजल्या का गेल्या नाहीत, असा जाहीर सवाल बाबासाहेबांनी तेव्हाच केला होता. पुढे त्यांनी आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. कॉम्रेड डांगे यांच्या बाजूने मतदारांना दुसरे मत वाया घालवायला शिकवले गेले, असा त्यात आरोप होता. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. 'आंबेडकर विरुद्ध डांगे' हा निकाल निवडणूक कायद्याच्या पुस्तकांत आजही सापडतो.

एक वकील म्हणून मी तो निकाल अनेकदा वाचला आहे. वाद सारा प्रचाराचा, हेतूचा. कुणी काय सांगितले, कुणी काय पत्रक काढले. पण माझ्या मनात प्रश्न येतो तो पेटीचा. बाद झालेल्या त्या मतांत किती मते कुणाच्या सांगण्यावरून वाया घालवलेली होती आणि किती मते चाळीतल्या एखाद्या मावशीने प्रामाणिकपणे दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत टाकून, आपण बाबासाहेबांना दोनदा मत दिले या आनंदात घरी जाऊन गमावलेली होती? पेटी हे सांगू शकत नव्हती आणि कायद्याने तो प्रश्न विचारलाही नाही. १९६१च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले. तोवर नऊ वर्षे गेली होती.

हे फक्त मागास देशात होते असे कुणी म्हणेल, तर त्याला अमेरिकेत न्यावे. नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काउंटीत मतपत्रिका छापली गेली. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे केले, हेतू चांगला. त्यामुळे नावे एका पानावर मावेनात म्हणून ती दोन पानांवर समोरासमोर टाकली आणि भोके मध्ये एका रांगेत. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली, आणि १९ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर दोन भोके पडल्याने त्या बाद झाल्या. राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी, आणि त्या राज्यावर अमेरिकेचा अध्यक्ष ठरला. जे मतदार चुकले ते सुशिक्षित, निवृत्त, पेन्शनवाले लोक होते. पण तेव्हाही टीव्हीवर विनोद झाले ते त्या म्हाताऱ्यांवरच.

आपल्याकडे पुढे शिक्क्याची पद्धत आली. बाणांच्या फुलीचा तो शिक्का अनेकांना आठवत असेल. त्याच्या आकारात एक शहाणपण होते. कागद दुमडल्यावर ओली शाई समोरच्या नावावर उमटली, तरी तिथला ठसा उलट्या दिशेने फिरलेला दिसे, आणि मोजणी करणाऱ्याला खरे मत कोणते ते कळे. एवढ्याशा लाकडी ठोकळ्याने किती मते वाचवली असतील! ज्याने तो आकार ठरवला त्याने मतदार चुकणार हे आधीच गृहीत धरले होते आणि त्याची शिक्षा मतदाराला दिली नव्हती.

नंतर मतदानयंत्र. १९८२ साली केरळात परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नाही म्हणून तिथले मतदान रद्द करून फेरमतदान घ्यायला लावले. कायद्यात कलम ६१-अ आले १९८८च्या दुरुस्तीने. यंत्राच्या बाह्यरचनेवर पवईच्या आयआयटीतले ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी काम केले. चिन्हासमोर निळे बटण, दाबले की लाल दिवा, शिट्टीचा आवाज. एका मतदाराचे एकच मत, दुसरे बटण दाबले तरी जात नाही. १९५२च्या पेटीला जे जमले नाही ते या यंत्राला जमले. मत बाद होणे जवळजवळ थांबले. वापरायला सोपी वस्तू म्हणून मी या यंत्राला पूर्ण गुण देतो, चळवळीतल्या काही मित्रांना ते आवडणार नाही.

पण सोपेपणाचे दोन अर्थ आहेत. वापरायला सोपे आणि तपासायला सोपे. लोखंडी पेटी वापरायला कधी अवघड गेली, तरी ती उघडून मोजताना गावातला कुठलाही पोरगा बघू शकत होता. यंत्राचे तसे नाही. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी नेमके हेच म्हटले : मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. ज्या यंत्रांनी ते जमत नव्हते त्यांचा २००५च्या निवडणुकीतला वापर घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडे २०१३च्या निकालानंतर मतपावती आली, ती काचेआड सात सेकंद दिसते. २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली आणि चिन्ह भरणारी उपकरणे ४५ दिवस सीलबंद ठेवण्याचा आदेश दिला. निकाल मान्य करूनही मला वाटते की सात सेकंद दिसणारा कागद बघणे आणि स्वतः मोजता येणे यात अंतर आहे. ज्यांना शंका आहे त्यांना 'तुम्हाला तंत्र कळत नाही' असे सांगणे, हा पुन्हा तोच शिपाई झाला, 'ढकला'च्या कागदाखाली उभा.

आता त्या संकेतस्थळाकडे परत येतो. शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, सातबारा, रेशन, पेन्शन सारे पडद्यावर गेले. फोटो अमुक केबीचाच हवा, पासवर्ड मुलाच्या फोनवर येणार आणि मुलगा पुण्याला कामावर, अर्धा अर्ज भरला की वेळ संपली म्हणून सारे पुसले जाणार. हे सगळे चालते, कारण बनवणाऱ्याने आपली माणसे कधी पडद्यासमोर बसवून पाहिलेलीच नसतात. कायदा मात्र पुढे गेला आहे. कोरोना लसीकरणाच्या नोंदणीत ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना दिसत नाही, त्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१मध्ये स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सरकारला विचारला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे सुगम्यतेचे निकष केवळ सूचना असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात ठरले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला बँकेचा पडदा 'पापणी मिटा' असे सांगत होता, तिथून ते प्रकरण सुरू झाले.

दिव्यांग बांधवांनी लढून मिळवलेली ही वाट आहे. आपल्या संघटनांनी ती नीट वाचली पाहिजे. आपण अर्ज भरून देण्याची शिबिरे घेतो. चांगली गोष्ट आहे, मीही त्यात बसतो. पण दहा वर्षे शिबिरे घेऊन अर्ज दहा वर्षे तसाच अवघड राहत असेल, तर आपण त्या खात्याचे बिनपगारी कारकून झालो. शिबिरात कुठल्या रकान्यावर किती माणसे अडली याची वही ठेवा. ती वही माहिती अधिकाराच्या अर्जाला, निवेदनाला आणि वेळ आलीच तर रिट याचिकेला पुरावा म्हणून जोडता येते. आमच्या क्षेत्रात भाषणापेक्षा वही जास्त बोलते.

त्या मुलीच्या बाबतीत मी तेच केले. पडद्याचे फोटो काढले, १९९०च्या दुरुस्तीची प्रत जोडली, खात्याच्या प्रमुखांना नोटीस पाठवली. सहाव्या दिवशी यादी उघडली. 'बौद्ध' निवडल्यावर जातीची नावे दिसू लागली. नोटिशीला उत्तर काही आले नाही. मुदत संपायला तेव्हा तीन दिवस होते, आणि त्याआधी कितीजणांनी सायबरवाल्याचा सल्ला ऐकून 'हिंदू' टाकले होते ते त्या खात्याला विचारणारा अर्ज मी माहिती अधिकारात दिला आहे.