विश्लेषण : ना नवी, ना 'विंटेज'! विशी ओलांडलेली स्पोर्ट्स कार सांभाळणं का अवघड झालंय?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांसमोर एकाच महिन्यात दोन गोष्टी आल्या. आधी पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२० पेट्रोलबद्दल खुलासा करताना सांगितलं की, काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात. दोन-अडीच आठवड्यांनी रस्ते वाहतूक मंत्रालयाने २० वर्षांवरच्या गाड्यांचं नोंदणी नूतनीकरण शुल्क दुप्पट केलं.

रोज ऑफिसला नेणारी हॅचबॅक असेल, तर बहुतेक लोक याचा एकच अर्थ काढतात: गाडी विकून टाका. पण दारात दोन सीटची, उघड्या छताची जुनी स्पोर्ट्स कार असेल आणि रविवारी स्वतःच पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्याखाली शिरायची सवय असेल, तर हिशोब इतका सरळ राहत नाही. अशा गाड्या देशात फार नाहीत. आपल्या नियमांना गाडीचं वय मोजता येतं, पण तिची निगा कशी राखली आहे हे मोजता येत नाही. ही अडचण या मूठभर गाड्यांमध्ये सगळ्यात ठळक दिसते.

आकडे काय सांगतात?

भारतात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झालं आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ४०,००० रुपये. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर गाडी २० वर्षांची झाली की हेच आकडे अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० होतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच.

आता दुसरं टोक पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'विंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल, तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते आणि पुढचं नूतनीकरण फक्त ५,००० रुपयांत होतं. बदल्यात गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

म्हणजे परदेशातून आलेली गाडी विसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत टिकवायची, तर आजच्याच दराने सहा वेळा ८०,००० भरावे लागतील. एकूण चार लाख ऐंशी हजार. पन्नाशी पूर्ण झाली की तीच गाडी सरकारच्या लेखी 'वारसा' होते. मधली तीस वर्षं मात्र ती फक्त 'जुनी' असते, आणि जुनी म्हणजे प्रदूषण करणारी असं गृहीत धरलं जातं.

या मधल्या वयात कोणत्या गाड्या आहेत?

भारताचीच एक आहे, सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने आणलेली दोन दारांची, उघड्या छताची छोटी गाडी. बॉडी फायबर ग्लासची आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. फायबर ग्लासला गंज लागत नाही, त्यामुळे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या हवेतही बॉडी टिकते. पण खालची चासी, ब्रेकचे पाइप आणि नट-बोल्ट लोखंडाचेच. बाहेरून तजेलदार दिसणारी गाडी खालून कुजलेली असू शकते. फायबरच्या गाडीत हाच धोका असतो, की डोळ्याला गंज दिसतच नाही.

स्टॉर्मचं खरं दुखणं सुट्या भागांचं. तिचं इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांमध्ये होतं. त्या भारतात कधी विक्रीला आल्या नाहीत. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत फिरून जुन्या मारुतीचं सामान मिळेल, तसं हिचं मिळत नाही. टायमिंग बेल्टसारखी साधी वस्तूही बाहेरून मागवायची वेळ येते.

याउलट जपानची माझदा एमएक्स-५ बघा. १९८९ मध्ये आलेली ही गाडी जगात सगळ्यात जास्त विकली गेलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. पहिल्या पिढीच्या गाड्या जुन्या व्हायला लागल्यावर माझदाने जपानमध्ये २०१७ साली या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. त्यात कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग, इतकंच काय, त्या काळच्या नक्षीचे टायरही होते. घरी दुरुस्ती करणाऱ्याची अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. हात कितीही कुशल असले तरी सामान नसेल तर गाडी उभीच राहते.

ई-२० नेमकं काय करतं?

सोशल मीडियावर या विषयावर दोन टोकं दिसतात. एक म्हणतं इंजिन संपलं, दुसरं म्हणतं काहीच होत नाही. दोन्ही चूक.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. शिवाय इथेनॉल जाळायला हवा कमी लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हे मिश्रण काही प्रमाणात स्वतः सावरते. कार्बोरेटरला तशी अक्कल नसते. तिथे पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडते, इंजिन थंड असताना अडखळतं, आणि जेट बदलून मिश्रण जुळवावं लागतं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, तो रबराचा. जुन्या गाड्यांचे पेट्रोलचे पाइप, पंपातले पडदे आणि सील इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेले नसतात. ते आधी फुगतात, मग कडक होऊन तडकतात. इंजेक्शनच्या गाडीत पाइपमधला दाब साधारण तीन बार असतो. तडकलेल्या पाइपमधून पेट्रोल ठिबकत नाही, त्याचा फवारा उडतो. समोर तापलेलं इंजिन असतं. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींमागे पेट्रोलची गळती हे नेहमीचं कारण आहे.

तिसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होऊन पुन्हा भरत राहते, म्हणून फरक पडत नाही. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत, तेही जुलैच्या मुंबईत, ओल साचत जाते. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. टाकी लोखंडाची असेल तर आतून गंजते. वर इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, तो थेट फिल्टरमध्ये जातो. ई-२० भरल्यावर थोड्याच दिवसांत गाडी चढावर दम टाकायला लागली, तर इंजिनला दोष देण्याआधी फिल्टर पाहावा.

मग घरी काय करता येतं?

बरंच काही. सगळ्यात आधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, टाकीपासून इंजिनपर्यंत, वरून कितीही ठीक दिसत असले तरी बदलावेत. इंजेक्शनच्या गाडीसाठी पाइपवर 'एसएई जे-३० आर-९' असा छाप पाहून घ्यावा. मीटरवर मिळणारा साधा काळा पाइप तिथे चालत नाही. क्लिपही स्क्रूच्या दातेरी पट्टीची न घेता गुळगुळीत कडेची घ्यावी, कारण दातेरी पट्टी रबर कापते. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची वायर काढून, इंजेक्शनच्या गाडीत आधी पाइपमधला दाब सोडून आणि मोकळ्या हवेत करायचं. बेसमेंट पार्किंगमध्ये मुळीच नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवायचा.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. विटांवर तर नाहीच. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय खाली झोपू नये. हे सगळ्यांना माहीत असतं आणि 'पाच मिनिटांचंच काम आहे' म्हणून सगळेच मोडतात.

उभ्या गाडीचं घड्याळ किलोमीटरवर चालत नाही. टायमिंग बेल्ट, टायर आणि ब्रेक ऑइल वयाने खराब होतात. ब्रेक ऑइलही ओल शोषतं, म्हणून गाडी जेमतेम हजार किलोमीटर चालली असली तरी दोन वर्षांनी ते बदलावं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी इतक्या वर्षांत रबर कडक होतं, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या स्पोर्ट्स कारला ओल्या रस्त्यावर ते सहन होत नाही.

उघड्या छताच्या गाडीत पावसाळ्याआधी एक काम न विसरता करायचं, ते पाण्याच्या वाटा साफ करण्याचं. एमएक्स-५ मध्ये छपरावरचं पाणी सीटच्या मागच्या नळ्यांमधून खाली जातं. त्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरतं आणि आतून गंज सुरू होतो. जगभरात या मॉडेलच्या कितीतरी गाड्या याच कारणाने भंगारात गेल्या आहेत.

टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओल धरायला हवा कमी राहते, आणि दोन-तीन आठवड्यांनी गाडी नीट गरम होईपर्यंत चालवावी. निवडक पंपांवर मिळणारं १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही जण वापरतात, पण ते इतकं महाग आहे की रोजच्या वापरात कुणालाही परवडणार नाही.

दुरुस्तीच अडचणीची ठरते तेव्हा

सामान मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाही, असं स्पष्ट केलं.

याची दुसरी बाजू फार कमी मालकांच्या लक्षात येते. विंटेज नियमांनुसार ५० वर्षांनी 'व्हीए' नंबर हवा असेल, तर गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे १९९८ च्या गाडीत आज इंजिन बदललं, तर २०४८ मध्ये ती वारसा ठरण्याचा रस्ता आजच बंद होऊ शकतो. मूळ सामान मिळत नाही, वेगळं लावता येत नाही, आणि गाडी चालू नसेल तर तपासणीत पास होत नाही.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. त्यात मोटारींचं क्षेत्रही आहे. पण जिथे कंपनीच गाडी बनवत नाही, तिथे हक्क मागायचा कुणाकडे?

इतर देश काय करतात?

जपान याबाबत कडक आहे. १३ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला तिथे वार्षिक कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. विशेष म्हणजे जुने भाग पुन्हा बनवणारी माझदा याच देशातली. ब्रिटनमध्ये ४० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मोठा फेरफार न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते. जर्मनीत ३० वर्षांनंतर नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं आणि ठरावीक वार्षिक कर लागतो. मात्र त्याआधी तज्ज्ञ गाडी तपासतो. ती मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत नसेल तर 'एच' मिळत नाही. जर्मन मालक ती गाडी रस्त्यावर सर्रास चालवतोही.

भारतात दिल्लीच्या प्रकरणात थोडी हालचाल दिसली. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयाच्या आधारावर कारवाई थांबवायला सांगितलं, पण डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं मर्यादित केलं. मोजमाप वयाकडून धुराच्या मानकाकडे सरकलं खरं, पण १९९० च्या दशकातल्या स्पोर्ट्स कारला त्याचा उपयोग नाही. ती बीएस-४ च्या कितीतरी आधीची.

महाराष्ट्रात अशी सरसकट वयोबंदी नाही. इथे मालकाला पंधराव्या वर्षानंतर दर पाच वर्षांनी आरटीओच्या मैदानात गाडी न्यावी लागते. ब्रेक, दिवे, धूर आणि चासी नंबर तपासला जातो. गंजलेल्या चासीवरचा नंबर वाचता आला नाही, तर तिथेच काम अडतं. म्हणून तारखेच्या महिनाभर आधी वायर ब्रशने तो भाग हलक्या हाताने साफ करून, फोटो काढून, त्यावर पातळ ग्रीस लावून ठेवलेलं बरं.