एकट्या मुलाचं झाड

आईबाबा नोकरीला, आजी-आजोबा गावी, पाठचं-पुढचं भावंड नाही. शाळेतून आलेलं मूल गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीपाशी जाऊन बसतं. त्याच्याबद्दल मोठी माणसं तीन गोष्टी ठामपणे सांगतात: शहरात निसर्ग उरलेलाच नाही, असं बसणं हे एकलकोंडेपणाचं लक्षण आहे आणि त्यावर एखादा क्लास हाच उपाय आहे. यातलं एकही विधान पूर्ण खरं नाही.

निसर्ग म्हणजे सह्याद्रीचे कडे, असं आपण धरून चालतो. पण मुंबई-ठाण्याला लागून सुमारे १०० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. धारावीजवळ जिथे पूर्वी कचरा टाकत, तिथे आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मुलाला तर एवढंही लागत नाही. कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. सुरुवातीला अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रू तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेलं, उग्र वासाचं शिंग बाहेर काढते. पुढे कोष आणि त्यातून फुलपाखरू. हे सगळं तिसऱ्या मजल्यावर, एका कुंडीत घडतं. औषध फवारलं की तिथेच थांबतं.

एकलकोंडेपणाच्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. झाड माणसाची जागा घेऊ शकत नाही. ज्या मुलाची झोप उडाली, जेवण तुटलं, बोलणं बंद झालं, त्याला समुपदेशकाकडे न्यायलाच हवं. पण अळीकडे टक लावून बसलेलं प्रत्येक मूल आजारी ठरवणं हा अन्याय आहे. ज्याला सांगण्यासारखं काही सापडलंय, ते मूल ऐकणारा शोधू लागतं. १८९६ साली मुंबईत जन्मलेले पक्षितज्ज्ञ सलीम अली अगदी लहानपणी पोरके झाले. खेतवाडीत मामांकडे ते वाढले. पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्यांना ओळखता येईना, तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि संस्थेतला पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. पक्ष्याने त्या मुलाला माणसांपासून तोडलं नाही. उलट, पक्ष्यामुळेच एक दार उघडलं, कारण दारापाशी मोठी माणसं उभी होती.

म्हणून क्लासचा उपाय अपुरा आहे. तिथे वेळापत्रक असतं, स्पर्धा असते. मुलाला मात्र रोज तीच फांदी हवी असते, कारण कालच्याहून आज काय बदललं हे त्याला पाहायचं असतं. ते जपणं आपल्या हातात आहे. राज्यात शहरी झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, पण सोसायटीच्या सभेत मुलाच्या झाडाची बाजू कोण मांडतं? ती आईबाबांनी मांडावी. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नयेत, घरट्याची फांदी पिल्लं उडेपर्यंत राखावी, सरसकट फवारणी थांबवावी. आणि संध्याकाळी घरी आल्यावर गृहपाठाआधी ‘आज काय दिसलं?’ हे विचारावं. एकट्या मुलाला निसर्गापासून सोडवायचं नसतं, त्याच्याबरोबर तिथे जाऊन बसायचं असतं.