सल्ला कोणत्या माशीचा?

मधमाशीपालनाचा इंटरनेटवरचा सल्ला बहुतेकदा खोटा नसतो. तो दुसऱ्याच माशीचा असतो. इंग्रजी व्हिडिओंतली माशी युरोपीय मेलिफेरा, तर सह्याद्रीतल्या पेट्यांत नांदते ती सातेरी. व्हरोआ ही परोपजीवी कीड मुळात सातेरीच्याच जातीवरची. कामकरी माश्या ती जबड्यात धरून अंगावरून काढून टाकतात आणि तिची वाढ बहुतांशी नरांच्या घरांपुरतीच राहते. म्हणून तिकडचे औषधांचे वेळापत्रक इथे लागू पडत नाही. उलट १९९०च्या दशकात ज्या थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या, त्याबद्दल ते व्हिडिओ गप्पच असतात. तिकडे टंचाई हिवाळ्यात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात. साखरेचा पाक लागतो तो तेव्हा. पेटी सारखी उघडून चौकटी हलवल्या, तर सातेरी पोळे सोडून निघून जाते. कोणी म्हणेल, मेलिफेरा आपल्याकडेही पाळतात. खरे आहे, पण तिचाही फुलोरा आणि हंगाम इथलाच. तेव्हा आधी विचारा: माशी कोणती, ऋतू कोणता, फुले कोणती? उत्तर मिळेपर्यंत पेटीचे झाकण बंदच ठेवा.