'हे तर तुम्हाला येतच असेल'

पहिल्या सत्रातला भौतिकशास्त्राचा तास. शिकवणारे फळ्यावर ध्रुवीय निर्देशांकांतले त्वरणाचे सूत्र लिहितात आणि म्हणतात, 'हे तर तुम्हाला येतच असेल, पुढे जाऊ.' दीडशे-दोनशे मुलांच्या वर्गात कुणीही हात वर करत नाही. ज्यांना येते त्यांना गरज नसते. ज्यांना येत नाही त्यांना पहिल्याच आठवड्यात स्वतःची 'ओळख' करून द्यायची नसते. कारण अशा वर्गात 'मला समजले नाही' हे वाक्य 'हा कोट्यातला दिसतो' असे ऐकू येते.

भिलाईत 2016 पासून आयआयटी आहे. सुरुवातीची वर्षे ती रायपूरला उसन्या इमारतीत चालली, 2023 मध्ये कुटेलाभाठाच्या स्वतःच्या आवारात आली. प्रवेश देशपातळीवर होतो, त्यामुळे छत्तीसगडमधल्या 30 टक्के आदिवासींचे आणि जवळपास 13 टक्के अनुसूचित जातींचे प्रतिबिंब तिथे दिसेलच असे नाही. पण भिलाई हे त्याआधीपासून शिकवणी वर्गांचे शहर आहे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या घरांना मुलाला 'आयआयटीला लावणे' म्हणजे काय, हे नीट ठाऊक आहे. आठवीपासून महागडा क्लास, दोन वर्षे तीच ती गणिते. अशा मुलासाठी पदवीचा पहिला भौतिकशास्त्राचा पेपर ही बरीचशी उजळणी असते. बस्तरच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलीसाठी तो खराखुरा पहिला परिचय असतो, आणि तोही इंग्रजीतून. जेईई अॅडव्हान्स्ड हिंदीत देता येते. वर्ग मात्र पहिल्या तासापासून इंग्रजीत भरतो.

यावर सापेक्ष गुणांकन. तुम्ही किती शिकलात यापेक्षा वर्गातल्या इतरांच्या किती मागे आहात, यावर ग्रेड ठरते. म्हणजे एकाने चार वर्षे विकत घेतलेली तयारी दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत नापास म्हणून उतरते. यात कुणी जातीचा उच्चारही करत नाही. करायची गरजच पडत नाही.

याचा हिशेब सरकारकडेच आहे. 2021 मध्ये शिक्षण मंत्रालयाने राज्यसभेत दिलेल्या आकडेवारीनुसार, आधीच्या पाच वर्षांत सात प्रमुख आयआयटींमधून पदवी अर्धवट सोडणाऱ्यांपैकी जवळपास 63 टक्के विद्यार्थी राखीव प्रवर्गांतले होते. राखीव जागा निम्म्याच्या आसपास असताना. 2015 मध्ये आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षात पाचपेक्षा कमी सीजीपीए मिळालेल्या 70 हून अधिक मुलांना काढून टाकले होते. त्यातही बहुसंख्य राखीव प्रवर्गांतलीच होती. आरडाओरडा झाला, तेव्हा त्यांना आणखी एक संधी मिळाली.

'मग गुणवत्तेचे काय?' हा प्रश्न लगेच येतो. त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनीच देऊन ठेवले आहे. हार्वर्डच्या एरिक मझूर यांना 1990 च्या सुमारास लक्षात आले की अवघड गणिते पटापट सोडवणारी त्यांची मुले न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरच्या साध्या प्रश्नात अडखळतात. जड ट्रक हलक्या गाडीवर आदळला तर कुणावर जास्त बल लागते, असा तो प्रश्न. मुलांना सूत्रे पाठ होती, बल म्हणजे काय ते कळले नव्हते. मझूर यांनी मुलांवर खापर फोडले नाही, शिकवण्याची पद्धत बदलली.

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. विदर्भातून भिलाईला आलेल्या बौद्ध कुटुंबातला, वडील रेल मिलमध्ये. या कारखान्यात 130 मीटरचे रूळ तयार होतात, ते जोडून 260 मीटरचे केले जातात. एकदा जेवताना त्याने सहज सांगितले की तापलेला रूळ थंड होताना आपोआप वाकतो, कारण त्याचे डोके जाड आणि पाया पातळ, दोन्ही एका वेगाने निवत नाहीत. म्हणून तो नंतर सरळ करून घ्यावा लागतो. हे त्याला बापाने सांगितलेले. मी कागदावर हिशेब मांडायला घेतला, तर 30 अंशांच्या फरकाने 260 मीटरचा रूळ साधारण 9 सेंटीमीटर लांबतो हे त्यानेच तोंडी काढून दिले. हाच मुलगा दुसऱ्या राज्यातल्या एका नामांकित संस्थेत पहिल्या सत्राच्या भौतिकशास्त्रात नापास झाला. शंका विचारायला गेला तेव्हा त्याला आधी त्याची रँक विचारली गेली.

1911 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात आलेल्या मेघनाद साहांना ईडन हिंदू हॉस्टेलमधल्या सवर्ण मुलांनी आपल्या पंगतीला बसू दिले नव्हते. नऊ वर्षांनी त्याच साहांचे आयनीभवनाचे समीकरण जगासमोर आले. आज मेसमध्ये सगळे एकत्र जेवतात, चाचपणी रँक विचारून होते. आयआयटी मुंबईला 2023 मध्ये लेखी सूचना काढावी लागली की एकमेकांना जेईईची रँक विचारू नका. चांगली सूचना आहे. पण शिकवणाऱ्याने विचारली तर?

बहुतेक संस्थांचा ठरलेला उपाय म्हणजे 'कमकुवत' विद्यार्थ्यांसाठी वेगळा संध्याकाळचा वर्ग. हेतू बरा असेल, पण त्या वर्गाच्या दारातून आत जाताना कोण पाहते आहे याची धास्ती काय असते, ते तिथे जाणाऱ्यालाच माहीत. बदल मुख्य वर्गात हवा. अभ्यासक्रमाच्या नावात 'परिचय' आहे, तर परिचयापासूनच सुरुवात करा. पहिले काही आठवडे हिंदी-मराठीतून शंका विचारण्याची मुभा द्या. त्या भाषांतली पारिभाषिक नावे शाळेच्या पुस्तकांत छापलेली आहेतच. आणि पहिल्या सत्राच्या ग्रेड सरासरीत धरू नका. अमेरिकेतल्या एमआयटीत नवख्या विद्यार्थ्यांचे पहिले सत्र फक्त उत्तीर्ण म्हणून नोंदले जाते, नापास झाल्यास बाहेर दिसणाऱ्या गुणपत्रिकेत नोंदच होत नाही. तिथला दर्जा त्यामुळे घसरल्याचे कुणी म्हणत नाही. आपल्याकडे यासाठी सिनेटचा एक ठराव पुरेल.

त्या मुलाने यंदा तोच विषय पुन्हा घेतला आहे. बॅक लागल्याचे त्याने वडिलांना अजून सांगितलेले नाही.