नळ आठव्या दिवशी, ‘कोरडा दिवस’ सातव्या दिवशी!

गेल्या ऑक्टोबरात नगरपरिषदेची एक प्रेसनोट आली होती. डेंग्यूचे रुग्ण वाढत आहेत, नागरिकांनी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, पाण्याची भांडी रिकामी करून घासून ठेवावीत, अळ्या सापडल्यास नोटीस बजावू, वगैरे. मी ती जशीच्या तशी छापली. वर शीर्षक दिलं, ‘नागरिकांनी सहकार्य करावे’. आजची पोस्ट ही त्या बातमीची दुरुस्ती समजा.

बातमी आली आणि दोन दिवसांनी टेकडीवरच्या वस्तीत जाणं झालं. एका मावशींच्या हातात तीच नोटीस होती. दारात निळा ड्रम, आत हंडे, मोरीत पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं. म्हणाल्या, “दादा, सात दिवसांनी भांडी कोरडी करा म्हणतात. आमच्याकडं नळ येतो आठव्या दिवशी. मधला एक दिवस लेकरांना काय पाजू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नगरपरिषदेकडेही नव्हतं, तिच्याकडे नोटीस होती.

आता नीट बघा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला भांडी कोरडी करायची. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण तो पाळायचा तर आठवड्याच्या आत नळाला पाणी यायला हवं ना! मी राहतो त्या कॉलनीत एक दिवसाआड पाणी येतं, गच्चीवर झाकणाची टाकी आहे. कोरडा दिवस पाळायला मला कसलेच कष्ट नाहीत. अर्धा इंची नळाची वर्षाची पाणीपट्टी मात्र मला आणि त्या मावशींना सारखीच. पैसे सारखे, पाणी वेगळं आणि ताप त्यांच्या घरात.

श्रीमंताचं आणि गरिबाचं आरोग्य वेगळं का, यावर मोठमोठी भाषणं होतात. आपल्या गावात त्याचं अर्धं उत्तर पाणीपुरवठा विभागाच्या व्हॉल्व्हच्या वेळापत्रकात लिहिलेलं आहे. उरलेलं गटारात आणि घंटागाडीच्या फेऱ्यांत सापडेल.

हे बोललं की ठरलेली उत्तरं येतात.

‘आरोग्य हा आमचा विषय नाही, सरकारी रुग्णालयाला विचारा.’ चूक. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ४९ काढून वाचा, परिषदेची कर्तव्यं तिथे लिहिली आहेत. घटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत पाणीपुरवठा आहे, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे, झोपडपट्टी सुधारणाही आहे. रुग्णालय माणूस आजारी पडल्यावर कामाला येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तेच, आधी खाटेवर पडावं लागतं. माणूस खाटेवर पडूच नये म्हणून जे करायचं, ते बहुतेक सगळं नगरपरिषदेच्या हातात आहे.

‘टेकडीला प्रेशर मिळत नाही.’ मान्य, पाणी वर चढत नाही. मग त्या भागासाठी वेगळा जलकुंभ, बूस्टर पंप, निदान मधल्या दिवशी टँकर, यातलं काय केलंत? गेल्या काही वर्षांत मुख्य रस्त्याचे पेव्हर ब्लॉक दोनदा उखडून नवे बसवले. तेव्हा निधी होता.

‘वस्ती अतिक्रमणात आहे.’ पाणीपट्टीची पावती फाडताना हे आठवत नाही. आणि डासाला सातबारा कळत नाही, तो उडून तुमच्या-माझ्या कॉलनीतही येतो. शिवाय त्याच वस्तीतले कितीतरी जण पहाटे आपलं गाव झाडतात, ठेकेदाराकडे, अनेकदा हातमोजे नसताना.

दर ११ एप्रिलला नगरपरिषदेत महात्मा फुल्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. फोटो मीच छापतो. जोतिराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे किती नगरसेवकांना माहीत आहे? व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधात ते एकटे उभे राहिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला लिहिलं. सभागृहात बसून गरिबाच्या बाजूने खर्च कसा वळवायचा, याचा धडा आपल्याच मातीत आहे. हार घालताना तेवढा आठवावा.

कित्येक वर्षं प्रशासक होते, कुणाला विचारायची सोय नव्हती. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक आले, नगराध्यक्ष आले. आता पहिलं अंदाजपत्रक येतंय. माझ्या तीनच मागण्या आहेत.

एक. कोणत्या प्रभागात किती दिवसांनी, किती वेळ पाणी सोडलं, याचा तक्ता दर महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर लावा.

दोन. डेंग्यू, जुलाब, कावीळ, क्षयरोग यांच्या रुग्णांचे प्रभागवार आकडे, नावं न देता, सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. विषयपत्रिकेवर तो पहिला विषय असू द्या.

तीन. अंदाजपत्रकात प्रत्येक कामापुढे प्रभागाचं नाव लिहा. आजार कुठे आणि पैसा कुठे, हे दोन कागद शेजारी ठेवले की कुणाला भाषण करायची गरज उरणार नाही.

यातल्या एकाही गोष्टीला टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच आजवर झाली नसेल.

मीही एक करणार आहे. यापुढे ‘नागरिकांनी सहकार्य करावे’ अशी प्रेसनोट आली, तर तिच्या खाली त्या महिन्याचं पाण्याचं वेळापत्रक छापणार. तुम्ही एवढंच करा, तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो ते कमेंटमध्ये प्रभाग क्रमांकासह लिहा. आणि आपल्या नगरसेवकाला टॅग करा. मतं मागायला ते घरी आले होते, नंबर तुमच्याकडे असेलच.