भाऊबीज आणि जपान

एम. ए.ला जपानी समाजाचा अभ्यास करणाऱ्याला आपले लोक विचारतात, ‘‘बाबा रे, त्याचा उपयोग काय?’’

उपयोग आहे, आणि तो घरातच आहे! चिए नाकाने या जपानी विदुषींनी आधी भारतात येऊन अभ्यास केला. मग १९७० साली ‘जॅपनीज सोसायटी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मते जपानात रक्ताहून घराची चौकट मोठी. म्हणून आलेली सून घरची, दिलेली लेक दुसऱ्या घरची. भारतात मात्र बहीणभावाचे नाते लग्नानंतरही तितकेच घट्ट राहते.

लेकीला ‘परक्याचे धन’ आपणही म्हणतो. पण भाऊबीजेला तेच धन हक्काने ओवाळणीसाठी भांडते! ते भांडण किती मोलाचे, हे मला टोकियोच्या प्राध्यापिकेने शिकवले.